मागच्या दाराची पायरी

रविवार, ६ मे १९३४

आज प्रार्थना संपल्यावर लव्हिनियाने चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून अध्यक्ष या नात्याने जाहीर केलं की, येत्या ऑगस्टच्या मेळाव्यात डनवेल वंशज सभा आपली यादी कायमची बंद करणार. जुन्या दफनभूमीत जागा थोडीच उरली आहे, तेव्हा यापुढे तिथे फक्त हिरव्या पुस्तकातल्या वंशजांनाच जागा. बोलताना तिने एकदासुद्धा माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम!

हिरवं पुस्तक म्हणजे तिच्या आजोबांनी, जज्जसाहेबांनी छापलेली वंशावळ. गर्शम डनवेल १६६८ साली जहाजातून उतरला, इथवर नदीच्या काठाकाठाने चालत आला आणि त्याने हे गाव वसवलं. त्याचे खरे वंशज कोण नि उपटसुंभ कोण, ते त्या पुस्तकाने ठरवलं. आम्ही टेकडीवरचे लोक उपटसुंभ. आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगत आलो की, गर्शमची मुलगी सायलेन्स हिने केलेब रूडशी लग्न केलं आणि त्यांच्यापासून आम्ही झालो. पुस्तकात सायलेन्सच्या नावापुढे एकच ओळ आहे : चौथ्या वर्षी वारली. संपली आमची कथा.

त्या काळी मुलींना अशीच नावं ठेवत. सायलेन्स म्हणजे मुकाट राहणारी. आता जिच्यापासून माझी आई झाली ती बाई मुकाट असेल यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही, पण ते जाऊ दे.

घरी येताना आई गाडीत गप्प बसली होती. अठ्ठ्याऐंशीची झाली, पण ती कधी इतका वेळ गप्प बसलेली मला आठवत नाही.

बुधवार, ९ मे

आज आईला सरळ विचारलं. “आई, गावाच्या नव्या दफनभूमीत छान सावली आहे. तिथे बाबा आहेत. तुला ही जुनीच कशाला हवी?”

ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “तुझ्या बाबांबरोबर मी चाळीस वर्षं काढली. त्यांची काही तक्रार नसणार. माझी आई जुन्या जागेत आहे, अल्मी. मी पाच वर्षांची होते ती गेली तेव्हा. तिच्या बाजूची जागा तेव्हापासून रिकामी आहे. मी दर वर्षी जाऊन बघते, कुणी घेतली तर नाही ना.”

मग म्हणाली, “शेंगा खाली सांडतायत बघ,” आणि विषय संपला.

मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. आईला आईशेजारी झोपायचंय, एवढंच. आणि ते एका छापलेल्या ओळीमुळे अडावं! मी ठरवलंय, ऑगस्टच्या आत सायलेन्स डनवेलचं लग्न लावून दाखवीन, नाहीतर नावाची अल्मायरा स्प्रेग नाही.

शनिवार, १९ मे

लव्हिनियाकडे गेले. जाताना आई म्हणाली, “तिच्यासाठी चार डोनट घेऊन जा.” मी म्हटलं, “तिच्यासाठी? खडा देणार नाही मी तिला.” आई म्हणाली, “लहानपणी ती पोरगी टेकडी चढून यायची ती फक्त माझ्या डोनटसाठी.” असेल. मीही लहानपणी पुष्कळ मूर्ख गोष्टी केल्या. लव्हिनिया माझी जिवलग मैत्रीण होती, ही त्यातली एक.

पुढचं दार वाजवलं तर आतून आवाज आला, “रंग ओला आहे, मागून ये!” मी बोट लावून पाहिलं. खडखडीत वाळलेला होता. टेकडीवरच्या माणसांना मागचं दार, दुसरं काय? वळसा घालून गेले. तर ही दारात उभी राहून सांगते, “पाय जपून टाक हो अल्मायरा, त्या पायरीवर. फार जुनी आहे. या घराहूनही जुनी आहे.”

मी जरा अंगाने भरले आहे, म्हणून हा टोमणा. मी म्हटलं, “तुझ्या पायरीला माझा भार झेपेल, काळजी करू नकोस.”

चहा दिला तो मात्र चांगल्या कपात. मी आमची बाजू मांडली. तिने हिरवं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, “चार वर्षांची पोर लग्न कशी करेल, सांग बरं. तिचा दगड अजून उभा आहे. जाऊन बघ.”

“तुझे आजोबा चुकले असतील.”

“माझे आजोबा?” ती हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. “तसं म्हणायला पुरावा लागतो, अल्मायरा. मी अध्यक्ष आहे. मी तोंडाने म्हणून चालत नाही.”

निघताना पुन्हा तेच : “पायरी सांभाळ!” मी मुद्दाम जोरात पाय आपटून उतरले.

शनिवार, २ जून

पाण्याची बादली आणि ब्रश घेऊन जुन्या दफनभूमीत गेले. दगडावरचं शेवाळ घासता घासता नखं काळी झाली. तिसऱ्या रांगेत सापडला तो. माझ्या गुडघ्याएवढा दगड, वर पंख असलेला गोल चेहरा कोरलेला. ‘सायलेन्स, गर्शम व मर्सी डनवेल यांची मुलगी, मरण १६८३, वय ४.’

तर मग खरं आहे. मी गवतात बसले आणि रडले. आईसाठी रडले, आणि खोटं कशाला सांगू, थोडी त्या पोरीसाठीही. अडीचशे वर्षं झाली, आपल्यावरून एवढा वाद चाललाय हे तिला कुठलं माहीत!

ओटिस पेल्टन कुंपणाची भिंत दुरुस्त करत होता. तो सबंध गावाच्या दगडी भिंती रचतो आणि सबंध गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतो. “काय झालं? पूर्वज सापडले नाहीत की सापडले?”

“सापडले, हेच दुःख आहे,” मी म्हटलं.

तो दगडांकडे हात करून म्हणाला, “या रांगा बघ, कशा सरळ. शाळेत पोरं उभी केल्यासारख्या. मूळचे लोक असे सरळ पुरलेले नाहीत हं. गवत कापायचं यंत्र नवीन निघालं तेव्हा जज्जसाहेबांना ते मधून फिरवायचं होतं. म्हणून त्यांनी फार जुने दगड सगळे उपटले आणि ओळीत लावले. माझा बाप होता कामाला. खाली माणूस एकीकडे, वर नाव दुसरीकडे.”

“आणि जे ओळीत बसले नाहीत?”

“पडलेले, कलंडलेले? नेले कुठेतरी. चांगला सपाट दगड कोण टाकून देतं?”

एवढ्या शिकलेल्या माणसाने गवतासाठी मेलेल्यांची उठबस करावी! पण त्याने माझं काय काम होणार? पोर तर चौथ्या वर्षीच गेली.

बुधवार, १३ जून

देवा, मी किती बावळट आहे!

आज आमच्या गायीला कालवड झाली. मागच्या हिवाळ्यात आमची म्हातारी गाय क्लोव्हर मेली, तिच्यानंतरची ही पहिलीच. आई गोठ्यात आली, तिने कालवडीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “आली गं माझी क्लोव्हर.”

मी म्हटलं, “आई, आणखी किती क्लोव्हर? माझ्या जन्मापासून या गोठ्यात क्लोव्हरच आहे.”

“नाव चांगलं आहे. एक मेली म्हणून ते वाया घालवायचं का?”

मी हातातलं दुधाचं भांडं तिथेच ठेवलं (मांजर सगळं प्यालं) आणि टोपी न घालता टेकडी उतरले. दफनभूमीत जाऊन दगड वाचत सुटले. रूड घराण्यात दोन एबेनेझर, एक अठरा महिन्यांचा नि एक म्हातारा. पेल्टनांच्या तीन पेशन्स, तिघी एकाच आईबापाच्या! मूल गेलं की पाठच्याला तेच नाव द्यायचे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कोरून ठेवलंय. मी इथे लहानपणी लपाछपी खेळले आहे या दगडांमागे, आणि कधी डोक्यात आलं नाही.

म्हणजे सायलेन्स गेली, आणि त्यानंतर आईबापांनी पुन्हा एक सायलेन्स मांडीवर घेतली. ती मोठी झाली, तिने केलेब रूडशी लग्न केलं, आणि माझी आई आज गोठ्यात उभी आहे.

जज्जसाहेबांनी एक दगड पाहिला आणि पुस्तक मिटलं!

बुधवार, २० जून

माझा आनंद लव्हिनियाला बघवणार नाही हे माहीत होतंच. आजही पुढचं दार नाही. म्हणे कुलूप अडकलंय. त्या घराच्या पुढच्या दाराला माझी ॲलर्जी आहे.

मी सगळं सांगितलं. क्लोव्हरसकट. ती ऐकताना टेबलावर दोन्ही हात ठेवून पुढे वाकली होती. मग म्हणाली, “अल्मी, किती हुशार आहेस गं तू.” अल्मी! शाळेनंतर प्रथमच. पण लगेच सावरली. “तर्क उत्तम आहे. पण सभा तर्काला मत देणार नाही. चर्चच्या जुन्या नोंदी आगीत गेल्या. आता तुला दुसरा दगड लागेल.”

“दुसरा दगड तुझ्या आजोबांनी नेला असेल!”

“नेला असेल,” ती म्हणाली. “सपाट दगडांची त्यांना फार आवड. या घरात कुठे ना कुठे वापरत.”

मी थंडगार नजरेने पाहिलं. इतक्या निर्लज्जपणे! वर आणखी काय, निघताना हातात केरसुणी दिली. “एवढी जाताना ती पायरी झाडून जाशील? माझी कंबर धरली आहे.”

मी! तिची पायरी झाडू! मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि म्हटलं, “गडीमाणूस ठेव, लव्हिनिया.” असं म्हणून पायरी ओलांडून, म्हणजे तिला पाय न लावता, उडी मारून आले. गुडघा अजून दुखतो आहे.

बुधवार, ४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक, बँड, सॅमन मासा आणि वाटाणे, नेहमीप्रमाणे. आईने माझा डोळा चुकवून लव्हिनियाला डोनटची पिशवी दिली. दोघी झाडाखाली बराच वेळ बोलत बसल्या होत्या. लव्हिनिया रुमालाने डोळे पुसत होती. धूळ फार होती आज.

घरी येताना आई एकटीच हसत होती. मग म्हणाली, “लव्हिनिया तुला नेहमी मागच्या दाराने का बोलावते गं?”

“अपमान करायला.”

“हो का,” आई म्हणाली. “आणि पायरी झाडायला का सांगितली?”

“तोही अपमानच. आई, तुला माणसं ओळखता येत नाहीत.”

“खरं आहे बाई,” म्हणाली आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा हसत होती. म्हातारपणी असं होतं माणसाचं.

सोमवार, १६ जुलै

दुसऱ्या दगडासाठी पेल्टनांची बर्फाची वखार पाहिली. जुनी गिरणी पाहिली. विहिरीची झाकणं उचलली. ओटिस बरोबर होता. एका दगडाखाली साप निघाला, एकाखाली काहीच नाही. मेळाव्याला महिना राहिला. आई विचारत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

शनिवार, २८ जुलै

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

काल लव्हिनियाचा निरोप आला : माझी केकची ताटली उद्या सकाळी दहा वाजता परत कर. चर्चच्या स्नेहभोजनानंतर महिनाभर ती ताटली आमच्याकडे होती, तेव्हा आठवण झाली नाही! मी तणतणत गेले. सरळ मागच्या दारी गेले, पुढचं वाजवलंच नाही. बघते तर ओटिस तिथे पहार घेऊन उभा.

“तू इथे काय करतोस?”

“बाईंची पायरी हलते म्हणे. काढून नीट बसवायची आहे. मला तर बिलकूल हललेली दिसत नाही. पण मजुरी मिळतेय.” त्याने पहार घातली. “जरा हात लाव, अल्मायरा.”

दोघांनी जोर लावला. दगड सुटला, वर आला आणि उलटा होऊन गवतात पडला. खालच्या बाजूला माती होती, आणि मातीत अक्षरं.

मी गुडघ्यावर बसले. हातातल्या ताटलीनेच माती खरवडली. अक्षरं काल कोरल्यासारखी कोरी होती, पन्नास वर्षांत ऊन नाही, पाऊस नाही. वर तोच पंखांचा चेहरा. मी मोठ्याने वाचलं : “येथे सायलेन्स विसावली आहे. केलेब रूड यांची पत्नी, गर्शम व मर्सी डनवेल यांची कन्या. मरण १७५१, वय ६६.”

ओटिसने बोटांवर हिशेब केला. “म्हणजे जन्म पंच्याऐंशीचा. पहिली त्र्याऐंशीला गेली.” मग अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, “अल्मायरा! तुम्ही डनवेल आहात!”

“आम्ही नेहमीच होतो!” मीही ओरडले. आणि त्याला मिठी मारली. छप्पन्नाव्या वर्षी, भर सकाळी, दोघेही चिखलात.

लव्हिनिया स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. चेहरा पांढरा पडला होता. पडणारच! म्हणाली, “काय गडबड आहे?” मी म्हटलं, “बाहेर ये, लव्हिनिया, आणि बघ तू इतकी वर्षं कुणावर पाय देत होतीस!” ती आली. पायरी नव्हती, म्हणून ओटिसने हात देऊन उतरवली. दगडासमोर उभी राहिली. मग वाकून तिने त्या नावावरून हात फिरवला आणि म्हणाली, “मला इथून दर वेळी उडी मारून जावंसं वाटायचं.”

काय बोलावं अशा बाईशी! ताटलीला टवका उडाला होता. ती मागायलाही विसरली.

आईला सांगितलं. आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि पिठाच्या हातांनी माझा चेहरा धरला. दोघी उभ्या उभ्या रडलो. मग ती म्हणाली, “लव्हिनिया कशी आहे?” या बाईला भलत्याचीच काळजी.

शनिवार, १८ ऑगस्ट

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

मैदानावर तंबू, भाजलेल्या घेवड्याची भांडी, काळा पाव, आणि ओहायोपासूनचे डनवेल. ओटिसने दगड ट्रकमधून आणला आणि सभेच्या टेबलाला टेकवून उभा केला. आईला मी पहिल्या रांगेत बसवलं, जांभळ्या टोपीत.

मी भाषण तयार केलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. लव्हिनिया अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठली. हिरवं पुस्तक हातात होतं. म्हणाली, “या पुस्तकात चूक आहे. माझ्या आजोबांनी पुस्तकात एका मुलीला दफन केलं, आणि तिच्या बहिणीला माझ्या मागच्या दारी पालथं घातलं. हा दगड बसवला तेव्हा मी सहा वर्षांची होते, बाजूलाच खेळत होते. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी फार आज्ञाधारक मुलगी होते.”

बघा! डोळ्यांदेखत बसवला आणि हिच्या काही लक्षात आलं नाही. लहानपणापासून ही अशीच वेंधळी.

मग तिने स्वतःच ठराव मांडला : सायलेन्स रूड आणि तिचे सगळे वंशज यादीत घ्यावेत. ओहायोचा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, “हा निर्णय फार घाईचा होतोय.” तेव्हा लव्हिनिया म्हणाली, “साहेब, बाई एकशे त्र्याऐंशी वर्षं वाट बघतेय. तुमचा घेवडा गार होतोय. हात वर करा.” सगळा तंबू हसला आणि सगळे हात वर गेले, त्याचाही.

टाळ्या वाजत होत्या. टेकडीवरचे सगळे, आमचे रूड, स्प्रेग, जे दर वर्षी तंबूच्या कडेला उभे राहून जेवायचे, ते पुढे येऊन बाकांवर बसले. आई उभी राहिली. ती म्हणाली, “मी सायलेन्सच्या वंशातली आहे, पण मी गप्प बसणार नाही. आधी कुणीतरी मला माझ्या आईकडे घेऊन चला.”

दगड तिच्या आईपासून चार हातांवर, पहिल्या सायलेन्सच्या शेजारी रोवायचं ठरलं. दोघी बहिणी, एकमेकींना कधी न भेटलेल्या.

लव्हिनियाला मान खाली घालावी लागली, याचं मला समाधान आहे. खरं म्हणजे तिची मान खाली नव्हती. ती सबंध वेळ माझ्याकडे बघून हसत होती. हार पचवायची तिची पद्धत असेल. मी मन मोठं करून तिला क्षमा केली आणि तसं सांगितलंही. ती म्हणाली, “थँक यू, अल्मी,” आणि माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

बुधवार, २२ ऑगस्ट

आज दगड रोवला. ओटिस, मी, आई. लव्हिनियाही आली, टेकडीवरून चालत, कारण आधी आमच्या घरी पुढच्या दाराने येऊन तिने डोनट खाल्ले होते. तिच्याकडे मागच्या दारी आता लाकडी खोकं ठेवलंय. मी विचारलं, “पण लव्हिनिया, पन्नास वर्षं न हललेली पायरी नेमकी आत्ताच कशी हलली?”

ती आईकडे बघायला लागली. आई आकाशाकडे.

“दैव,” ओटिस म्हणाला आणि त्याला ठसका लागला.

तेच मीही म्हणते. दैव आमच्या बाजूने होतं.

काम झाल्यावर आईने टोपी काढून माझ्या हातात दिली, आणि काही कळायच्या आत आजीच्या दगडाशेजारी गवतात आडवी झाली. हात छातीवर, डोळे मिटलेले. मी टोपी टाकून खाली वाकले. “आई! अगं आई!”

“ओरडू नकोस. जागा बघतेय.” थोडा वेळ तशीच पडून राहिली. तिने एक हात बाजूला नेला आणि आजीच्या दगडाच्या पायथ्याशी ठेवला, पाच वर्षांच्या मुलीने ठेवावा तसा. मला बघवेना. लव्हिनिया दुसऱ्या बाजूला गवतात बसली होती, चांगल्या स्कर्टवर, तीही रडत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. का, ते माहीत नाही. बसले.

मग आईने डोळे उघडले. “छान आहे,” ती म्हणाली. “अगदी हवी तशी. आता राहू दे तशीच, मला घाई नाही.” आणि दोन्ही हात वर केले. “उठवा गं पोरींनो मला. दोघी मिळून.”

आम्ही दोघींनी मिळून उठवलं.